न्हाणीघरातला पांढरा थर
(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण एका अगदी साध्या कामाविषयी बोलणार आहोत. ते काम म्हणजे न्हाणीघर घासणे. तुम्ही म्हणाल, "यात शिकायचं ते काय? आमचे हात घासून घासून झिजले. आता तुम्ही आम्हाला घासायला शिकवणार?"

तुमचे म्हणणे खरे आहे. घासण्यात तुमचा हात आमच्यापेक्षा पक्का आहे. या वर्गातल्या निम्म्याहून अधिक बायका रोज चार-पाच घरची धुणीभांडी करतात. त्या चार-पाच घरांची न्हाणीघरेही त्याच घासतात. आणि म्हणूनच हा विषय आम्ही घेतला आहे. तो का घेतला, ते आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या वर्गातली एक बाई सलग तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी तिची मुलगी सांगत आली, "आई दवाखान्यात आहे." आम्ही लगेच गेलो. बाई खाटेवर बसून होती. बोलायला लागली की खोकल्याची उबळ येई. डोळे लाल झाले होते. झाले होते असे : ती ज्या घरी काम करते, तिथे पाहुणे यायचे होते. मालकीणबाईंनी सांगितले, "आज बाथरूम लख्ख कर." भिंतीच्या टाइलवर साबणाचा पांढरा थर बसला होता. घासून तो निघेना. तेव्हा हिने आधी ॲसिड टाकले. तेवढ्याने भागले नाही म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. दार लावलेले होते, खिडकी बंद होती. क्षणात हिरवट पिवळा धूर उठला. तिचा श्वास कोंडला. कशीबशी ती बाहेर आली, म्हणून वाचली.

ती आम्हाला म्हणाली, "बाटलीवर लिहिलेलं होतं म्हणतात, दुसऱ्या कशात मिसळू नका म्हणून. पण मला कुठं वाचायला येतं, बाई?"

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. आपण इथे अ, आ, इ गिरवतो ते कशासाठी? सही करता यावी म्हणून? बसची पाटी वाचता यावी म्हणून? होय, त्यासाठीही. पण अशी एखादी बाटली हातात घेतली की तिच्यावरचे दोन शब्द वाचता यावेत, यासाठीही आपण शिकतो. ते दोन शब्द जीव वाचवतात.

तर आता मूळ विषयाकडे वळू. हा पांढरा थर आहे तरी काय?

साबण नासतो म्हणजे काय होते?

टाइलवरचा, बादलीच्या काठावरचा, नळाच्या तोटीभोवतीचा तो पांढुरका, चिकट थर म्हणजे मळ, असे आपण समजतो. त्यात अंगाचा मळ असतो हे खरे. पण मुख्य भाग असतो तो नासलेल्या साबणाचा.

दूध कसे नासते ते तुम्हाला ठाऊक आहे. उकळत्या दुधात लिंबू पिळले की दूध फाटते. पाणी वेगळे होते आणि गाठी वेगळ्या होतात. साबणाचेही तसेच होते. फरक एवढाच, की साबण नासवते ते पाणी.

सगळेच पाणी साबण नासवत नाही. पावसाचे पाणी आकाशातून येते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते पाणी हलके. तेच पाणी जमिनीत मुरते, खडकांच्या फटींतून झिरपते, चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेते, आणि मग विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरते. ते पाणी जड. पाणी जड आहे की हलके, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. तरी त्या बरोबर सांगत. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ज्या पाण्याने केस धुतले की राठ होतात, ते पाणी जड. डाळीसाठी त्या गोड्या विहिरीचे पाणी लांबून आणत, ते उगीच नव्हे.

आपल्या वस्तीत नळाला पाणी येते एक दिवसाआड. मधल्या दिवशी आपण बोअरचे पाणी वापरतो. त्या पाण्यात साबण लावला की चुन्याचा क्षार साबणाला धरतो. दोघांची मिळून एक नवी वस्तू तयार होते. ती पाण्यात विरघळत नाही. तिला फेस येत नाही, तिने मळ निघत नाही. ती नुसती चिकटते. भिंतीला चिकटते, फरशीला चिकटते, कपड्याला चिकटते. हाच आपला पांढरा थर.

याचा पडताळा आपण वर्गातच पाहिला. पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत पागोळीचे, म्हणजे पावसाचे पाणी अर्धी बाटली भरले. दुसरीत तेवढेच बोअरचे. अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा दोन्हींत टाकला आणि बाटल्या खळखळून हलवल्या. पावसाच्या पाण्यात फेस गळ्यापर्यंत आला. बोअरच्या पाण्यात फेस बेताचाच, आणि पाण्यात ताकासारखे पांढरे कण तरंगू लागले. एक आजी पुढे होऊन बाटलीत पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमच्या मोरीतलंच!"

बरोबर. ते मोरीतलेच होते.

पाण्याचा जडपणा मोजता येतो. भारतीय मानक संस्थेचे पिण्याच्या पाण्याचे एक मानक आहे. ते २०१२ सालचे. त्यात म्हटले आहे, की एका लिटर पाण्यात जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे चांगले. दुसरे पाणी मिळतच नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जड पाणी प्यायले म्हणजे विष प्यायले असे नव्हे. ते भीतीचे कारण नाही. पण ते साबण खाते. हलक्या पाण्यात साबणाची जी वडी पंधरा दिवस पुरते, ती जड पाण्यात त्याआधीच संपते. म्हणजे पैसेही जातात आणि वर थर घासण्याचे कष्टही पडतात.

जोर नको, वेळ द्या

आता थर काढायचा कसा?

बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर तारेच्या घासणीने जिवाच्या आकांताने घासतात. नाही तर जळजळीत ॲसिड ओततात. पहिल्याने टाइलवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्या ओरखड्यांतच घट्ट बसतो. दुसऱ्याने काय होते, ते आत्ताच सांगितले.

या थराला तोडायला आंबट वस्तू लागते. तांब्याचा हंडा आपण चिंचेने घासतो. चिंचेतला आंबटपणा हंड्यावरचा काळा थर सोडवतो. तसाच आंबटपणा इथेही उपयोगी पडतो. वाण्याकडे लिंबूसत मिळते. त्यालाच सायट्रिक ॲसिड म्हणतात. एक लिटर कोमट पाण्यात त्याचे दोन मोठे चमचे विरघळवा. लिंबूसत नसेल तर स्वयंपाकाचे व्हिनेगर घ्या आणि त्यात तेवढेच पाणी घाला.

कोणी विचारील, "ॲसिड नको म्हणता, आणि हे पण ॲसिडच की!" प्रश्न चांगला आहे. देवघरातला दिवा आणि रानातला वणवा, दोन्ही आगच. पण दिव्यापाशी आपण बसतो आणि वणव्यापासून पळतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर हा दिवा आहे. बाटलीतले तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड हा वणवा आहे. तरी दिव्यालाही जपावेच लागते. लिंबूसताचे पाणी डोळ्यांत उडू देऊ नका. हाताला चीर पडली असेल तर हातमोजे घाला.

काम असे करायचे. एक जुने सुती फडके त्या पाण्यात भिजवा आणि थरावर चिकटवून ठेवा. पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्या. तेवढ्यात दुसरे काम उरका. वीस मिनिटांनी दोडक्याच्या वाळलेल्या जाळीने, किंवा काथ्याने, किंवा मऊ ब्रशने हलके घासा. थर सुटू लागेल. जिथे फार जुना थर असेल तिथे फडके पुन्हा भिजवून ठेवा. एका दिवसात निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी करा. वर्षभर बसलेला थर एका सकाळी निघालाच पाहिजे, असा हट्ट धरू नका.

आंबट पाण्याने चुना सुटतो, पण साबणातले तेलकट मेण मागे राहते. म्हणून दुसरा हात द्यावा लागतो. गरम पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब, नाही तर चमचाभर धुण्याचा सोडा टाका. त्याने एकवार पुसून घ्या. मग भरपूर पाण्याने धुवा. टाइल हाताला गुळगुळीत, पण कोरडी लागली पाहिजे. निसरडी लागली तर मेण अजून आहे असे समजा.

नळाच्या तोटीला आंबट फडके पाच मिनिटांपेक्षा जास्त गुंडाळून ठेवू नका. ठेवले तर तिच्यावरचा चकचकीत मुलामा जाईल.

एक गोष्ट विशेष सांगतो. काही जण व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करतात. मोठा फेस येतो. पाहणाऱ्याला वाटते, काय जोराचे औषध आहे! पण आंबट आणि खारट एकमेकांना मारतात. फेस विरला की उरते जवळजवळ साधे पाणी. म्हणून आधी आंबट, ते धुऊन टाका, मग सोडा. दोन्ही एकदम नको.

दगडाला आंबट चालत नाही

वर सांगितलेली रीत टाइलसाठी आहे. दगडी फरशीसाठी नाही.

आपल्याकडे जुन्या घरांत मोरीला शहाबादी फरशी असते. ही फरशी कर्नाटकातल्या शहाबादहून येते, म्हणून शहाबादी. राजस्थानातून कोटा येतो, आंध्रातून कडप्पा येतो. हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही त्याच जातीचा. आणि मोझॅकच्या लाद्यांत सिमेंटबरोबर संगमरवराच्याच चिपा असतात.

थरातला चुना ज्या आंबटाने सुटतो, त्याच आंबटाने दगडातला चुनाही सुटतो. दगडाची चमक जाते. बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो. मग आणखी ॲसिड, मग आणखी खड्डे. असे करीत करीत फरशी खडबडीत होते आणि घरमालक म्हणतो, "बाईनं फरशी खराब केली."

फरशी कोणती आहे हे कळत नसेल तर एका कोपऱ्यात, कोणाच्या नजरेला येणार नाही अशा जागी, लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा चमक गेली, तर ती चुनखडीची. तिला आंबट लावायचे नाही. तिच्यासाठी गरम पाणी, धुण्याचा सोडा, थोडे लिक्विड आणि काथ्याचा ब्रश. वेळ जास्त लागतो, पण दगड शाबूत राहतो. सोड्याने हात कोरडे पडतात. काम झाले की हात धुऊन खोबरेल तेल लावा.

दोन बाटल्या एकत्र नकोत

आता सर्वांत महत्त्वाचे.

ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन असते. ते तिथे बांधलेले असते. त्यावर कोणतेही आम्ल पडले की ते सुटे होऊन हवेत येते. तीव्र ॲसिड पडले तर भसकन येते. व्हिनेगर आणि लिंबूसत पडले तरी येते. शौचकूप साफ करायच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, त्यानेही येते. बाटलीचा रंग कोणताही असो, ॲसिड ते ॲसिडच.

हा वायू किती वाईट आहे, ते इतिहासाला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. सैनिक खंदकांत होते. वायू खंदकांत उतरला आणि माणसे गुदमरली. त्यानंतर चारच दिवसांनी आपल्या देशाचे सैनिकही त्या रणांगणावर लढत होते.

वायू खंदकांत का उतरला? कारण तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड आहे. तो खाली बसतो. आता न्हाणीघर डोळ्यांसमोर आणा. लहानशी खोली, दार लोटलेले, आणि आपण उकिडव्या बसून फरशी घासतो आहोत. आपले तोंड नेमके तिथेच असते, जिथे हा वायू साचतो. ज्या वस्तूने सैन्ये मागे हटली, ती वस्तू नकळत आपण मोरीत तयार करतो.

म्हणून नियम एकच : एका वेळी एकच वस्तू. तिने काम झाले नाही तर ती भरपूर पाण्याने धुऊन टाका. दुसरी वस्तू दुसऱ्या दिवशी. काम करताना दार आणि खिडकी उघडी ठेवा.

चुकून वायू झालाच तर तो धुवायला, झाडायला थांबू नका. बादली तिथेच टाका आणि मोकळ्या हवेत या. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याखाली धरा. अंगावर ॲसिड उडाले असेल तर भिजलेला कपडा काढा आणि निदान वीस मिनिटे पाण्याची धार धरा. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नका. खोकला किंवा धाप असेल तर दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. थोड्या वेळाने बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. या वायूचा त्रास काही तासांनीही उलटतो.

आणखी एक. सुटे ॲसिड सरबताच्या जुन्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. तहानलेले पोर बाटलीचा आकार ओळखते, आतली वस्तू ओळखत नाही. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंधने घातली. विकणाऱ्याने नोंद ठेवावी, घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवावे, १८ वर्षांखालच्यांना ते विकू नये, असे सांगितले. ज्या वस्तूसाठी न्यायालयाला एवढे बोलावे लागले, ती वस्तू उघड्या हाताने ओतायची नाही.

थर बसूच नये म्हणून

रोग झाल्यावर औषध घेण्यापेक्षा रोग न झालेला बरा. आंघोळ झाली की शेवटचे दोन तांबे पाणी भिंतीवर आणि फरशीवर मारा. मग रबरी वायपरने किंवा फडक्याने पाणी ओढून घ्या. थर बसतो तो पाणी जागीच सुकल्यामुळे. पाणीच राहिले नाही तर थर बसणार कशाचा? साबणाची वडी पाण्यात पडू देऊ नका, जाळीच्या डबीत ठेवा. आठवड्यातून एकदा आंबट फडके फिरवले की वर्षाचा थर साचत नाही.

हे नुसते दिसण्यापुरते नाही. फरशीवरच्या या थरावर पाणी पडले की तो शेवाळासारखा निसरडा होतो. तरुण माणूस घसरला तर कंबर चोळत उठते. म्हातारे माणूस घसरले तर खुब्याचे हाड मोडते आणि अंथरूण धरते. ज्या घरात सासूबाई आहेत, आजोबा आहेत, त्या घरात फरशीवरचा हा थर आधी काढा. भिंतीवरचा मागून निघाला तरी चालेल.

कोणी म्हणेल, "बाई, हे सगळं आम्हाला पटतं. पण मालकीणबाईंनी ॲसिडची बाटली हातात दिली तर आम्ही काय म्हणावं?"

भांडायचे नाही आणि घाबरायचेही नाही. सरळ म्हणावे, "ताई, याने तुमची फरशी खराब होईल आणि माझी छातीही. मला लिंबूसत आणून द्या. दोन दिवसांत टाइल लख्ख करून दाखवते." फरशीचे नाव आधी घ्या. ते लवकर ऐकू जाते. ताई समंजस असतील तर छातीचेही ऐकतील.

दवाखान्यात गेलेली ती बाई आता बरी आहे. आज ती इथेच बसली आहे. जिना चढताना तिला अजून धाप लागते. मागच्या आठवड्यात ती वर्गात एक रिकामी बाटली धुऊन घेऊन आली. तिच्यावरची मराठीतली बारीक अक्षरे बोट ठेवून वाचू लागली. "मि... स... ळू... न... का." वाचायला तिला बराच वेळ लागला. पण तिने ते स्वतः वाचले.

आता उद्या तुम्ही एक करा. आपल्या घरातली किंवा कामाच्या घरातली एक बाटली हातात घ्या. तिच्यावरचे जेवढे वाचता येईल तेवढे वाचा. जे अडेल ते वहीत उतरवून आणा. अक्षरे इंग्रजी असतील तर तशीच चित्रासारखी उतरवून आणा. आपण सगळे मिळून ती लावू.